खानदेशातील गच्चीवर आणि गॅलरीत कच्च्या पाल्याची लागवड

जेवणात कच्चा पाला खाण्याची सवय खानदेशाला नवी नाही. हिवाळ्यात भरिताच्या ताटाला कांद्याची पात लागतेच, कोवळ्या मेथीचा घोळाणा तेल, तिखट आणि शेंगदाण्याच्या कुटासह भाकरीबरोबर खाल्ला जातो, आणि रब्बीच्या दिवसांत शेतातून परतताना हरभऱ्याचे किंवा करडईचे कोवळे शेंडे खुडून आणणारी माणसे अजूनही घरोघरी आहेत. अलीकडे बाजारात दिसू लागलेले लेट्यूस हे त्याच करडईच्या, म्हणजे सूर्यफुलाच्याही, कुळातील आहे. त्यामुळे विलायती भाजी म्हणून त्याला बिचकण्याचे कारण नाही. करडई ज्या हवेत पेरतात त्या हवेत लेट्यूस पेरायचे, एवढी खूणगाठ बांधली तरी अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम मुळे थंड ठेवण्याचे आहे. जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो हे आपण धरूनच चालतो आणि त्या दिवसांत कोणी लेट्यूस लावायला जात नाही. कुंडीतला पाला दगावतो तो ऑक्टोबरमध्ये आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्या दिवसांना आपण उन्हाळा म्हणतही नाही त्या दिवसांत. शेतातल्या रोपाची मुळे वीतभर खाली गार मातीत असतात. कुंडीला मात्र चारही बाजूंनी ऊन लागते आणि खालून तापलेला स्लॅब असतो.

हे मला पहिल्या वर्षी कळले नव्हते. गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्याला लागून काळ्या ग्रो बॅगा मांडून मी सप्टेंबरअखेर लेट्यूसचे बी टाकले, रोज दोन वेळा पाणी घातले आणि पंधरा दिवसांत एकही अंकुर दिसला नाही तेव्हा बी जुने निघाले असा समज करून घेतला. एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आई गच्चीवर आली, तिने पिशवीच्या बाजूवर तळहात टेकवला आणि लगेच मागे घेतला. "अरे, ही तर तव्यासारखी तापली आहे, यात बी रुजेल कसे?" एवढेच ती म्हणाली. त्याच पाकिटातले उरलेले बी तिने एका पसरट थाळीत ओल्या मातीवर भुरभुरले, थाळी स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली आणि वरून ओले गोणपाट घातले. चौथ्या दिवशी पांढरे मोड दिसले.

यामागचे कारण सरळ आहे. लेट्यूसचे बी १५ ते २० अंश तापमानात उत्तम रुजते आणि माती २८-३० अंशांच्या वर गेली की बहुतेक वाणांचे बी सुप्तावस्थेत जाते. ते मरत नाही, झोपी जाते. आपल्याकडची कोरडी हवा इथे कामास येते, कारण कोरड्या हवेत ओल्या माठाचे आणि गोणपाटाचे पाणी झपाट्याने उडते आणि आजूबाजूची जागा गार होते. घरात माठ नसेल तर बी ओल्या कापडात गुंडाळून, डब्यात घालून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवावे आणि नंतर पेरावे. पेरणी सायंकाळी करावी, म्हणजे पहिले बारा तास बी गारव्यात राहते.

जागा आणि भांडे

खानदेश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो आणि ज्या गॅलरीत जूनमध्ये ऊन येत नाही तिथे डिसेंबरमध्ये ते आतपर्यंत पोहोचते. पाल्याला सकाळचे चार-पाच तास ऊन पुरते. पूर्वेकडची गॅलरी सर्वांत चांगली, दक्षिणेकडची हिवाळ्यापुरती चांगली, आणि पश्चिमेकडची असल्यास दुपारी दोननंतर सावली पडेल अशी काही सोय केल्याशिवाय तिथे लेट्यूस लावू नये. जागा ठरवण्यापूर्वी एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठवर येते ते खडूने फरशीवर आखून ठेवावे. या एका दिवसाच्या कामाने पुढचा बराच त्रास वाचतो.

भांड्यांत माझी पहिली पसंती फळांच्या प्लॅस्टिक क्रेटला आहे. साधारण पावणेदोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद असा हा क्रेट आपल्याकडे बाजार समितीच्या आसपास जुना आणि स्वस्त मिळतो. त्याला चोहोबाजूंनी जाळी असल्याने पाणी साचत नाही आणि मुळांना हवा मिळते. आतून तागाचे गोणपाट किंवा शेडनेटचा तुकडा लावावा म्हणजे माती वाहून जात नाही. गोणपाट ओले राहिले की माठासारखेच काम करते आणि क्रेटच्या बाजू गार राहतात. म्हणूनच काळ्या ग्रो बॅगेपेक्षा मला तो अधिक भरवशाचा वाटतो. ग्रो बॅगा आधीच घेतलेल्या असतील तर बाहेरून पांढरे कापड किंवा गोणपाट गुंडाळावे. मेथी आणि कोथिंबिरीला ४-५ इंच, लेट्यूस आणि पालकाला ६ इंच, तर मुळ्याला ८ ते १० इंच खोल माती लागते.

क्रेट स्लॅबवर थेट ठेवू नये. दोन-दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या खाली घालून तो तीन-चार इंच उचलावा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वजनाचाही विचार करावा. सहा इंच मातीने भरलेला ओला क्रेट सहज ३०-४० किलोंचा होतो. सिमेंटच्या स्लॅबवर कठड्याजवळ आणि भिंतींच्या रेषेत असे पाच-सहा क्रेट ठेवायला सहसा हरकत नसते, पण जुन्या धाब्याच्या मातीच्या छतावर ते ठेवू नयेत. तिथे वजनापेक्षाही झिरपणाऱ्या पाण्याचा धोका मोठा असतो.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हा कपाशीचा मुलूख आहे आणि फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, कॅन आणि ड्रम अनेक घरांत पडलेले असतात. ते कितीही धुतले तरी त्यांत खाण्याची कोणतीही वस्तू लावू नये आणि त्यांनी पाणीही घालू नये. रंगाच्या डब्यांबाबतही हेच लागू आहे.

माती

तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती एकटी चालत नाही. ओली झाली की ती फुगते, सुकली की आकसून भांड्याच्या कडांपासून सुटते. त्या फटीतून घातलेले पाणी मुळांना न भेटता सरळ खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्याला पाणी भरपूर दिलेले दिसते आणि रोप मात्र तहानलेले असते. म्हणून काळी माती एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक घेऊ नये. नदीकाठची पोयट्याची माती मिळाली तर ती घ्यावी. मी एक भाग माती, दोन भाग भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत असे मिश्रण करतो आणि प्रत्येक क्रेटला मूठभर निंबोळी पेंड घालतो. पाच किलोंची कोकोपीटची वीट भिजल्यावर सत्तरएक लिटर होते, म्हणजे चार-पाच क्रेटना पुरते. वीट भिजवल्यावर पहिले तांबूस पाणी पिळून टाकावे, कारण त्यात क्षार असतात.

गांडूळखताऐवजी शेणखत वापरायचे असल्यास ते पूर्ण कुजलेले, मातीचा वास येणारे आणि हाताला गार लागणारे असावे. हा पाला आपण शिजवून नाही तर कच्चा खाणार आहोत, याचे भान इथे ठेवले पाहिजे. कच्चे शेण, शेणाची स्लरी किंवा गोमूत्र-शेणाची कोणतीही द्रावणे पाल्यावर शिंपडू नयेत. कच्चे शेण मातीत मिसळलेच असेल तर त्यानंतर चार महिने त्या मातीतला पाला कच्चा खाऊ नये.

काय आणि केव्हा पेरावे

रात्रीचा गारवा जाणवू लागला, पहाटे पांघरूण ओढावेसे वाटू लागले की पेरणीचा काळ आला. बहुधा हा काळ ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, कोजागिरीच्या मागे-पुढे येतो आणि लेट्यूससाठी तो जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. लेट्यूसमध्ये गड्डा धरणाऱ्या वाणांच्या मागे लागू नये. त्यांना दीर्घ थंडी लागते आणि आपल्याकडे गड्डा भरत आला की नेमकी हवा पालटते. सुट्या पानांचे हिरवे वा तांबडे वाण आणि उभट पानांचे रोमेन आपल्याकडे चांगले येतात. बी अतिशय बारीक, ग्रॅमला सात-आठशेच्या आसपास भरते, म्हणून ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून टाकावे. त्यातील पुष्कळ वाणांना रुजण्यासाठी उजेड लागतो, त्यामुळे वरून जाड माती न घालता चाळलेल्या कोकोपीटचा अगदी पातळ थर द्यावा आणि पाणी झारीने नव्हे तर स्प्रेने द्यावे. रोपे चार पानांची झाली की दर ६ ते ८ इंचांवर एक ठेवून बाकीची उपटावीत. ती उपटलेली रोपे हेच पहिले पीक समजावे, कारण त्यांच्याइतका कोवळा पाला पुढे मिळत नाही.

बाजारात पालक म्हणून मिळणारे बी बहुतेक वेळा देशी पालकाचे असते, आणि देशी पालक हा खरे म्हणजे बीटचा भाऊ आहे. 'ऑल ग्रीन'सारखे त्याचे वाण आपली हवा विलायती पालकापेक्षा पुष्कळ अधिक सोसतात, म्हणून कुंडीसाठी तेच घ्यावेत. पाने हाताच्या बोटाएवढी असतानाच खुडली तर कच्ची खाता येतात. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत घोळाण्याला येते. कोथिंबिरीचे धने हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि उगवायला आठ ते बारा दिवस लागतात हे लक्षात ठेवून धीर धरावा. मुळ्यात 'पुसा चेतकी' उष्णतेला दाद देत नाही आणि त्याचा कोवळा पालाही खाण्यालायक असतो. कांद्याच्या पातीसाठी बी पेरत बसण्याची गरज नाही. टोपलीत मोड आलेले छोटे कांदे क्रेटमध्ये अर्धे गाडून खेटून लावले की तीन आठवड्यांत कापण्याजोगी पात होते. बामणोदकडची भरिताची वांगी बाजारात येऊ लागली की त्या बेताने हे कांदे लावावेत.

करडई कुंडीत लावण्याचा विचार सहसा कोणी करत नाही, पण कच्च्या पाल्यासाठी मला ती फार आवडते. किराणा दुकानातील न भाजलेली करडई दाट पेरावी आणि पानांच्या कडांना काटे येण्यापूर्वी, म्हणजे २०-२५ दिवसांच्या आत, ती संपूर्ण कापून घ्यावी.

सगळे बी एकाच दिवशी टाकणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. एका क्रेटचे तीन पट्टे कल्पून दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरावा, म्हणजे एका आठवड्यात पाला उतू जातो आणि पुढच्या तीन आठवड्यांत काहीच नाही असे होत नाही. चार माणसांच्या घराला आठवड्यातून तीन-चार वेळा वाडगाभर पाला मिळण्यासाठी चार क्रेट पुरतात, असा माझा अनुभव आहे.

पाणी, खत आणि कीड

पाणी ठरलेल्या वेळी नव्हे तर बोट घालून द्यावे. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसली आणि टोकाला ओल लागली नाही तर पाणी द्यायचे, लागली तर थांबायचे. डिसेंबर-जानेवारीत क्रेटला एक दिवसाआड दोन-तीन लिटर पुरते, फेब्रुवारीपासून रोज द्यावे लागते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पाने रात्रभर ओली राहून कुजत नाहीत. नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागांत ठिबक बसवणे शहाणपणाचे आहे आणि केळी-कपाशीच्या आपल्या भागात त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. शेतावर उरलेला लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, तुकडा आणि तासाला दोन लिटर टाकणारे ड्रीपर एखाद्या उंचावर ठेवलेल्या बादलीला जोडले तर अर्ध्या तासात प्रत्येक ड्रीपर लिटरभराच्या आत-बाहेर पाणी देतो. बादली जितकी उंच तितका प्रवाह बरा, म्हणून प्रत्यक्ष मोजून वेळ ठरवावी. मातीवर केळीच्या सोपटाचे वाळलेले तुकडे किंवा उसाचे पाचट दोन बोटे जाड अंथरले की पाण्याची गरज स्पष्ट कमी होते.

बोअरचे पाणी जड असेल तर काही आठवड्यांनी मातीवर आणि भांड्याच्या कडांवर पांढरा थर दिसू लागतो, पानांच्या कडा करपतात आणि माणूस खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतो. अशा वेळी खत थांबवावे आणि महिन्यातून एकदा क्रेटच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत गोडे पाणी घालून क्षार धुऊन काढावेत.

खताची गरज थोडीच असते. शेंगदाण्याची पेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, गाळून, त्यात दहापट पाणी घालून दर पंधरा दिवसांनी मुळाशी द्यावी. पानांवर पडू देऊ नये. युरियाने पाने लवकर मोठी होतात हे खरे, परंतु अशा पानांत नायट्रेट साठते, चव पाणचट होते आणि माव्याला आमंत्रण मिळते.

मावा आणि पानात पांढऱ्या वळणदार रेषा ओढणारी नागअळी हे मुख्य उपद्रव. नागअळीची पाने दिसताच खुडून पिशवीत बंद करून फेकावीत. माव्यासाठी निंबोळी अर्क पुरेसा असतो. वाळलेल्या निंबोळीचा गर ५० ग्रॅम कुटून, फडक्यात बांधून, एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवावा, सकाळी पिळून गाळावा आणि सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. फवारल्यानंतर आठवडाभर तो पाला कापू नये, कारण धुतला तरी कडवटपणा राहतो. चिमण्या आणि खारी कोवळी रोपे मुळापासून कुरतडतात. त्यासाठी जुनी मच्छरदाणी क्रेटवर ताणून बांधणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

कापणी

पाला सकाळी ऊन पडण्यापूर्वी कापावा. रात्रभरात पानांत पाणी भरलेले असते आणि तोच पाला दुपारी कापला तर धुतानाच लुळा पडतो. लेट्यूसची बाहेरची पाने खुडावीत आणि मधला कोंब राखावा, किंवा संपूर्ण झुडूप जमिनीपासून दोन इंच ठेवून धारदार कात्रीने कापावे. दोन्ही पद्धतींत तीन वेळा तरी पाला मिळतो. मेथी उपटण्याऐवजी इंचभर ठेवून कापली तर दुसरा, किंचित कमी पण चांगला, फुटवा येतो. लेट्यूसचा मधला भाग उंच वाढू लागला आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक आला की पाला कडू झाला असे समजावे. त्याला पाणी-खत देऊन काही होत नाही, ते झुडूप काढून टाकून जागा मोकळी करावी. कापलेला पाला पिण्याच्या स्वच्छ पाण्यात तीनदा, प्रत्येक वेळी पाणी बदलून, बुडवून धुवावा. कापडावर निथळून डब्यात ठेवल्यास फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो.

फेब्रुवारीनंतर

फेब्रुवारीच्या मध्यापासून क्रेटवर ५० टक्के सावली देणारी हिरवी शेडनेट लावली तर लेट्यूस तीन-चार आठवडे अधिक टिकते, पण होळीनंतर त्याच्यासाठी झटू नये. त्या क्रेटमध्ये उष्णतेच्या भाज्या लावाव्यात. घोळ ही त्यांत सर्वांत श्रेष्ठ: मांसल, आंबूस, कच्ची खाण्याजोगी आणि कडक उन्हातही ताजी राहणारी. शेतात आपोआप उगवलेली घोळ आणून लावायची असल्यास देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीवर तसेच पसरणारे दुधी नावाचे तण आहे आणि ते खाऊ नये. तांदुळजा आणि माठ कोवळा असताना, उकळत्या पाण्यातून काढून कोशिंबिरीत घालावा. मायाळूचा वेल कठड्याच्या जाळीवर चढवला तर पावसाळ्यापर्यंत पाने देतो. घरात सावलीला हळीव आणि मोहरी ताटलीतल्या ओल्या कापडावर दाट टाकून आठ-दहा दिवसांत कापण्याची रीतही उन्हाळ्यासाठी सोयीची आहे.

जे क्रेट रिकामे राहतील त्यांची माती मे महिन्यात गच्चीवर पसरावी, ती नीट ओली करावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा विटांनी दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. इतके दिवस ज्या उन्हापासून आपण पाला वाचवला तेच ऊन या झाकणाखाली मर रोगाची बुरशी, किडींची अंडी आणि तणाचे बी बऱ्याच अंशी मारून टाकते. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी माती गोळा करून गोणीत भरावी, कोरड्या जागी ठेवावी आणि कोजागिरीच्या आधी आठवडाभर त्यात चौथा हिस्सा नवे गांडूळखत मिसळून, पाणी शिंपडून, क्रेट पुन्हा भरावेत.